तीनपैकी दोन

वाचनालयाच्या तळघरात उतरायला जो जिना आहे, त्यावरून सावकाश कसं उतरतात हे भिंगरीला आजवर कळलेलं नव्हतं. भिंगरी हे तिचं घरातलं नाव, आणि ते का पडलं हे तिला जिन्यावर पाहणाऱ्या कोणालाही विचारावं लागलं नसतं. सुट्टी लागल्यापासून रोज सकाळी ती धाडधाड करत खाली यायची आणि मावशी मान वर न करता म्हणायची, "हळू! फोटोंना हादरे बसतात."

"मेलेल्या माणसांचे फोटो आहेत गं मावशी. त्यांना काय होतंय?"

"मेलेल्यांनाच जास्त जपावं लागतं. जिवंत माणसं निदान तक्रार तरी करतात."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आणि वाचनालयाच्या डिजिटल संग्रहाची प्रमुख. प्रमुख म्हणजे सबकुछ तीच, कारण त्या विभागात दुसरं माणूसच नव्हतं. गावात एक फोटोग्राफर होता. शाळेचं संमेलन असो, पोहण्याची शर्यत असो, नव्या पुलाचं उद्घाटन असो, तो आयुष्यभर गळ्यात कॅमेरा अडकवून सगळीकडे हजर असायचा. मागच्या वर्षी तो गेला आणि त्याची सगळी खोकी तळघरात आली. मावशी एकेक फोटो स्कॅनरच्या काचेवर ठेवायची. त्याआधी रबरी फुगा दाबून त्यावरची धूळ उडवणं हे भिंगरीचं काम. हातात पांढरे सुती मोजे घालून. "चोरी करायला निघाल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. "चोर तुझ्यापेक्षा कमी आवाज करतात," मावशी म्हणायची.

पण खरी गंमत पुढेच होती. फोटो संगणकात गेला की त्यातून अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ निघायची. मावशी तिला ठसा म्हणायची. फोटोतल्या एका माणसाच्या डोळ्यातला एक ठिपका जरी बदलला, तरी ठसा साफ वेगळा! मग त्या फोटोच्या तीन प्रती तीन ठिकाणी राहायच्या. एक इथे, तळघरात. एक दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात. आणि एक डोंगरापलीकडे, कुठल्याशा जुन्या खाणीत बांधलेल्या थंड कोठारात, जिथे मावशीसुद्धा कधी गेली नव्हती. रोज सकाळी तिन्ही यंत्रं एकमेकांना आपापले ठसे विचारायची. जुळले की पडद्यावर हिरवी ओळ. एखादा वेगळा निघाला की लाल.

"लाल आली की काय करायचं?" मावशीने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "तीनपैकी ज्या दोन जुळतात त्या खऱ्या. तिसरी बिघडलेली. तिला या दोघींसारखी करायची. पण यंत्राला परस्पर करू द्यायचं नाही. माणसाने डोळ्यांनी बघायचं, कारण लिहायचं, मग 'दुरुस्त' दाबायचं."

"आणि दोघी मिळून खोटं बोलत असतील तर?"

"म्हणून तर मूळ फोटो खोक्यात ठेवलाय, अतिशहाणे."

मावशीची तेव्हा नुसती धांदल चालली होती. संग्रह तपासायला शुक्रवारी बाहेरून तपासनीस बाई येणार होत्या. त्यांनी मान डोलावली की या संग्रहाला 'विश्वासार्ह' म्हणता येणार होतं. त्यासाठी मावशी वर्षभर डोळ्यांत तेल घालून बसली होती.

पहिली लाल ओळ सोमवारी आली. बालवाडीच्या मुलांची रांग, पायऱ्यांवर बसलेली. डोंगरापलीकडची प्रत जुळत नव्हती. भिंगरीने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडली आणि 'चुकीचा ठिपका शोधा' असा खेळ असल्यासारखी सरसावून बसली.

शोधावं लागलंच नाही. डोंगरापलीकडच्या प्रतीत रांगेच्या टोकाला एक मूल जास्त होतं. तीनेक वर्षांची मुलगी, फ्रॉक घातलेली, एक मोजा खाली घसरलेला.

"मावशी! भूत!"

मावशी लांबूनच म्हणाली, "दोन चित्रं एकमेकांत मिसळतात कधीकधी. कर दुरुस्त."

भिंगरीने दाबलं. चित्र वरून खाली पट्टीपट्टीने बदलत गेलं. आधी मुलीचे केस गेले, मग तोंड, आणि सगळ्यात शेवटी तो घसरलेला मोजा. ओळ हिरवी झाली. भिंगरीला उगाचच, कोणाला तरी दारातून हाकलून दिल्यासारखं वाटलं.

मंगळवारी पोहण्याच्या शर्यतीचा फोटो लाल झाला. पुन्हा डोंगरापलीकडचीच प्रत. पुन्हा तीच मुलगी. तीच, हे भिंगरीला लगेच कळलं, जरी ती आता आठ-नऊ वर्षांची होती आणि तिचे केस ओले होते. हनुवटीवर खळी होती. या वेळी ती टोकाला नव्हती, टोकापासून थोडी आत सरकली होती.

"मावशी, इकडे ये जरा. हसू नकोस."

मावशी आली. तिने चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. मग चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, इतकं की पडद्यावर फक्त एक कान उरला. उजवा. त्याची पाळी आत दुमडलेली होती, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडतात तशी.

तळघराला छताजवळ एक आडवी खिडकी आहे. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात. मावशी बराच वेळ ते पाय बघत बसली.

"तुझ्या आधी एक होती," ती म्हणाली. "ते माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. म्हणजे एखाद्या बंद खोलीबद्दल माहीत असतं तसं. त्या विषयावर घरात कोणी बोलत नसे. बाबा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. आणि आईला विचारायची भिंगरीची छाती झाली नव्हती.

"वेळेआधीच झाली. दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. एवढीशी. तिच्या कानाची पाळी अशी दुमडलेली होती. मी आणि ताई रोज बोट घालून सरळ करायचो, ती पुन्हा दुमडायची." मावशी हसली, आणि ते हसू मधेच विझलं. "फोटो नाही काढला कोणी. घरी आणल्यावर काढू म्हणालो. नळ्या-बिळ्या निघू देत, चांगला फ्रॉक घालू, मग काढू. आणि मग ती घरी आलीच नाही."

भिंगरीला एकदम आईचा मोबाईल आठवला. त्यात जागा उरत नसे इतके भिंगरीचे फोटो होते. दात घासताना. झोपेत तोंड उघडं टाकलेलं असताना. वैतागून दार आपटताना. 'आई, पुरे!' ती ओरडायची. 'तुला नाही कळायचं,' आई म्हणायची, आणि आणखी एक काढायची.

"ताईचं आधीपासून ठरलेलं होतं, एकच मूल," मावशी म्हणाली. "ती राहिली असती तर तेवढंच. ती गेली म्हणून तू."

"म्हणजे मी बदली खेळाडू!"

मावशी हसावी म्हणून ती तसं म्हणाली होती. मावशी हसली नाही. म्हणाली, "हे काढून टाक. काहीतरी गडबड आहे यंत्रात. आणि ताईला एक अक्षर बोलायचं नाही, कळलं? जखमेवरची खपली आहे ती."

भिंगरीने दाबलं. ओले केस गेले, खळी गेली. या वेळी तिने मान दुसरीकडे फिरवली होती.

बुधवारी मावशी वरच्या मजल्यावर ग्रंथपालांशी हुज्जत घालत होती, तपासनीस बाईंना धड खुर्ची तरी द्या म्हणून. तळघरात भिंगरी एकटी. बाहेर लख्ख ऊन, खिडकीतून पायांच्या सावल्या भिंतीवरून सरकत होत्या. पडद्यावर एक लाल ओळ वाट बघत होती.

नव्या पुलाचं उद्घाटन. शाळेची मुलं रांगेत उभी, सगळ्यांच्या हातात एक लांबच लांब फीत. डोंगरापलीकडच्या प्रतीत ती अगदी मधोमध होती. बाराएक वर्षांची. दोन्ही हातांनी फीत धरलेली, आणि हसत होती. तोंडभरून. भिंगरीने असं हसू कुठेतरी पाहिलं होतं, आणि कुठे ते तिला आठवलं. आईच्या लग्नाच्या फोटोत. त्यानंतर कुठल्याच फोटोत नाही.

तिने मोजे चढवले. खोकं काढलं, मूळ फोटो टेबलावर ठेवला. त्यात मुलगी नव्हती. पण मधोमध दोन मुलांमध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. आणि फीत... भिंगरी वाकली, भिंग घेऊन आणखी वाकली. एवढ्या मोकळ्या जागेत, मधे कोणी धरलेली नसताना, फीत खाली लोंबायला हवी होती. ती ताठ होती. दोन ठिकाणी तर तिला चुण्या पडल्या होत्या, मुठीत धरल्यावर पडतात तशा.

आईला हे दाखवायला मिळालं तर! भिंगरीच्या डोक्यात एवढं एकच होतं. एक फोटो. जगात एक तरी फोटो, आईच्या हातात द्यायला. आणि मावशीचं यंत्र तो रोज सकाळी पुसायला सांगत होतं, का, तर तीनपैकी दोन.

तिने खरी प्रत म्हणून डोंगरापलीकडची निवडली. यंत्राने कारण विचारलं. भिंगरीने लिहिलं: 'मूळ फोटो पाहिला. हीच बरोबर.' पाहिला होताच की! अर्धं तर खरं होतं.

तिने 'दुरुस्त' दाबलं. इथली प्रत पट्टीपट्टीने बदलत गेली, विद्यापीठातलीही बदलली. ओळ हिरवी झाली. भिंगरीने मोठ्ठा श्वास सोडला, मूळ फोटो खोक्यात ठेवायला उचलला, आणि उचललेला तसाच राहिला.

कागदावर, दोन मुलांच्या मधे, ती फीत धरून हसत होती.

संध्याकाळी आई गुणगुणत होती. आई आणि गुणगुणणं! भिंगरी दारातच थबकली. आई औषधांच्या दुकानातल्या कामावरून येते ती पाय ओढत. आज खिडकीशी उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होती आणि कसलीशी चाल तिच्या ओठांवर होती. भिंगरी मुद्दाम तिच्यासमोर तोंड वेडंवाकडं करून उभी राहिली.

"काढ फोटो. आज फुकट."

"कसला फोटो?" आई म्हणाली, आणि टॉवेल झटकला.

भिंगरीला ते जरा लागलं. पण आई खूश होती, त्यापुढे बाकीचं काय!

गुरुवारी पडद्यावर लालच लाल. बालवाडी, पोहणं, सहल, विज्ञान प्रदर्शन. पण आता उलटं होतं. दोन प्रतींत मुलगी होती, एकीत नव्हती. नियमानेच सगळं जुळत होतं. भिंगरी भराभर दाबत सुटली. दुरुस्त, दुरुस्त, दुरुस्त. प्रत्येक दाबण्यासरशी एक मुलगी कुठल्या ना कुठल्या रांगेत येऊन उभी राहायची, दर वेळी जरा मोठी. भिंगरीला वाटलं, आपण हात देऊन कोणाला तरी पाण्यातून वर घेतोय.

"काय चाललंय तुझं?"

मावशी मागे उभी होती. कधीपासून कोण जाणे.

"ओरडू नकोस," भिंगरी म्हणाली. "ती पण आपलीच ना?"

मावशीच्या चेहऱ्यावर आधी राग होता. वर्षभराची मेहनत, उद्याची तपासणी, आणि हिने हे करून ठेवलं! मग तिने पडद्यावर बोट ठेवलं, उजव्या कानावर, आणि ते हळूच वर सरकवलं, पाळी सरळ करत असल्यासारखं.

"आपलीच," ती म्हणाली.

तिने काहीच उलटवलं नाही. घरी जाताना तिने भिंगरीला हाक मारली तेव्हा मात्र तिला जरा थांबावं लागलं. "अगं... तू. मोजे धुवायला टाक."

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या. बारीक अंगाच्या, गोड बोलणाऱ्या, पण ताकही फुंकून पिणाऱ्या. त्यांनी खोकी पाहिली, थंडावा मोजला, ठसे पाहिले. मावशी न चुकता उत्तरं देत होती. भिंगरी कोपऱ्यात जीव मुठीत धरून उभी.

"छान," बाई म्हणाल्या. "आता मी कुठलाही एक उघडते हं." आणि त्यांनी डोळे मिटून बोट ठेवलं.

मागच्या वर्षीचं शाळेचं संमेलन. फोटोग्राफरने काढलेला अगदी शेवटचा फोटो. भिंगरीला तो पाठ होता. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी ती स्वतः होती, शेजारणीला कोपर मारताना.

ओळ लाल होती.

बाईंनी तिन्ही प्रती उघडल्या. दोन प्रतींत पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी एक उंच मुलगी होती. हनुवटीवर खळी. शांत उभी.

तिसऱ्या प्रतीत भिंगरी होती.

"मूळ?" बाईंनी विचारलं.

मावशीने मोजे घातले, खोक्यातून फोटो काढला, टेबलावर ठेवला. भिंगरीने टाचा उंचावून पाहिलं. उंच मुलगी.

"म्हणजे स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "ही तिसरी बिघडलेली. ही मुलगी कोण आहे पण? कुठून आली यात?"

मावशीने पडद्याकडे बघितलं. मग कोपऱ्याकडे. तिच्या कपाळावर आठी पडली, जिभेच्या टोकावर आलेला शब्द निसटतो तेव्हा पडते तशी.

"मावशी," भिंगरी म्हणाली. "मावशी, मी."

"दोन चित्रं एकमेकांत मिसळतात कधीकधी," मावशी बाईंना म्हणाली. मग कोपऱ्याकडे वळून, अगदी मायेने, "घाबरू नकोस हं बाळ. यात खरं काही जात नाही. जे बिघडलंय तेवढंच जातं."

आणि तिने 'दुरुस्त' दाबलं.

कोपऱ्यातली मुलगी जिना चढून वर आली. सावकाश. रस्त्यावर ऊन होतं, सायकली होत्या, माणसं तिला चुकवून नीट जात होती. म्हणजे ती दिसत होती. तिने भिंतीला हात लावून पाहिला, भिंत गरम होती. मग ती पळत सुटली.

दार आईने उघडलं.

आई हसत होती. तोंडभरून, लग्नाच्या फोटोतल्यासारखी. डोळ्यांखालची काळी वर्तुळं नव्हती. मुलीने तोंड उघडलं, 'आई' म्हणायला, आणि त्या हसण्याकडे बघून तिला ते म्हणवेना.

"ये ना," आई म्हणाली. "आमच्या बाईसाहेबांची मैत्रीण ना तू? केस धुतेय ती. तासभर लावते, बघ! बस."

मुलगी बसली. न्हाणीघरात पाणी पडत होतं, आणि पाण्याच्या आवाजात कोणीतरी गुणगुणत होतं. आईचीच ती चाल. भिंतीवर फोटोच फोटो होते. काचेच्या पेटीपाशी वाकलेली आई. घसरलेला मोजा. ओले केस. सगळ्यांत तीच, दुसरं मूल कुठेच नाही, आणि मुलीने एकेक करून सगळे पाहिले आणि तिला त्या मुलीचा राग येईना. किती गोड हसत होती ती. किती वाट बघितली असेल तिने.

पाणी थांबलं. "आई, कोण आलंय गं?" आतून हाक आली.

"तुझ्याकडेच आलंय कोणी!"

आई स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आली. त्यावर निळ्या काठाचा काचेचा पेला होता, पाण्याने भरलेला. तो पेला या घरात फक्त पाहुण्यांसाठी निघायचा.

"दमलेली दिसतेस," आई म्हणाली. तिने पेला मुलीच्या हातात दिला आणि समोर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, अनोळखी माणसाशी बोलताना ती बसते तशी. "नाव काय गं तुझं?"

मुलीने आठवून पाहिलं. शाळेत हजेरीला जे घेतात ते. घरात जे म्हणतात ते.

मग तिने पेला ओठांना लावला आणि घोट घोट, होईल तितकं सावकाश पाणी पीत राहिली. कारण पेला रिकामा झाला की आई पुन्हा विचारणार होती.